बारामतीच्या दारी आलेला प्रश्न: धनगर आरक्षण आणि शरद पवारांच्या राजकीय पद्धतीची मर्यादा

धनगर समाजाचा समावेश अनुसूचित जमातींच्या यादीत व्हावा, ही महाराष्ट्रातील मागणी अनेक दशके जुनी असली, तरी तिला राज्यव्यापी राजकीय धार आली ती जुलै 2014 मध्ये, पंढरपूरहून निघालेली पदयात्रा बारामतीत येऊन थांबली आणि तेथे उपोषण सुरू झाले तेव्हा. आंदोलकांनी मुंबईतील मंत्रालयाऐवजी बारामती निवडली, यात त्यांची राजकीय समज स्पष्ट दिसते. मागणी मान्य करण्याची प्रक्रिया राज्य आणि केंद्र या दोन पातळ्यांवर विभागलेली असली, तरी महाराष्ट्रातील सत्तेचे धागे ज्या नेत्याच्या हाती एकवटलेले आहेत असे मानले जात होते, त्या बारामतीच्याच शरद पवारांनी आपली बाजू निःसंदिग्धपणे सांगावी, ही अपेक्षा त्या निवडीमागे होती. ती अपेक्षा पूर्ण झाली नाही. चार वेळा मुख्यमंत्री राहिलेल्या आणि दहा वर्षे केंद्रीय कृषिमंत्री असलेल्या या नेत्याची हाताळणी नेमकी कोठे अपुरी पडली, तिची जागा घेणारी भारतीय जनता पक्षाची हाताळणी का फसली, आणि बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांच्या राजकारणात या अपयशाचे रूप काय राहिले, यांचा आढावा येथे घेतला आहे.

मागणीचे कायदेशीर स्वरूप

घटनेच्या अनुच्छेद 342 नुसार एखाद्या राज्यातील अनुसूचित जमाती कोणत्या, हे राष्ट्रपती राज्यपालांशी विचारविनिमय करून अधिसूचनेद्वारे ठरवतात, आणि एकदा निघालेल्या यादीत नाव घालण्याचा किंवा काढण्याचा अधिकार त्यानंतर केवळ संसदेला उरतो. 1999 मध्ये केंद्राने ठरवलेल्या कार्यपद्धतीप्रमाणे राज्य सरकारने सविस्तर समर्थनासह शिफारस करावी लागते, तिला भारताचे महानिबंधक आणि राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोग यांची सहमती लागते, आणि मगच विधेयक संसदेपुढे येते. एखादा समाज जमात आहे की नाही हे ठरवताना 1965 च्या लोकूर समितीचे निकष अजूनही वापरले जातात: आदिम लक्षणे, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगता, बाह्य समाजाशी संपर्काबाबतचा संकोच आणि मागासलेपण.

महाराष्ट्राच्या यादीत ‘ओरांव, धांगड’ अशी नोंद आहे. धनगर संघटनांचे म्हणणे असे की, ओरांव ही छोटा नागपूरच्या पठारावरील जमात असून महाराष्ट्रात धांगड नावाचा समाज मुळातच नाही, त्यामुळे ही नोंद धनगरांसाठीच असली पाहिजे आणि उच्चार व लेखनातील फरकामुळे एक मोठा समाज हक्कापासून वंचित राहिला. आदिवासी संघटनांचे उत्तर असे की, धांगड ही ओरांवांशी जोडलेली वेगळी ओळख आहे आणि मेंढपाळी हा व्यवसाय असणारी जात नामसाधर्म्याच्या आधारे जमात ठरू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2000 मध्ये मिलिंद प्रकरणात, म्हणजे कोष्टी समाजातील व्यक्तीच्या हलबा असल्याच्या दाव्याबाबत, यादी जशी आहे तशीच वाचली पाहिजे आणि राज्य सरकार वा न्यायालय तिच्यात अर्थ लावून भर घालू शकत नाही, असे स्पष्ट केले होते. फेब्रुवारी 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने धनगर समाजाच्या याचिका फेटाळल्या, त्याही याच भूमिकेच्या चौकटीत.

मागणीचा आशय समजण्यासाठी धनगरांना जे आधीच मिळते ते पाहावे लागते. राज्यात त्यांना भटक्या जमाती (क) या प्रवर्गात साडेतीन टक्के आरक्षण आहे. केंद्रात हा प्रवर्गच नसल्याने ते इतर मागासवर्गात मोडतात. अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाल्यास राज्यातील सात टक्क्यांच्या वाट्यात प्रवेश मिळतो, उन्नत व प्रगत गटाची अट लागू राहत नाही, अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण मिळते आणि, राजकीयदृष्ट्या सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, विधानसभेच्या 25 व लोकसभेच्या 4 राखीव मतदारसंघांत उभे राहण्याची पात्रता येते. नेमकी हीच गोष्ट आदिवासी समाजांना धोक्याची वाटते, कारण संख्येने आणि संघटनेने प्रबळ असलेला समाज त्याच सात टक्क्यांत आला, तर कातकरी, कोरकू, वारली यांच्यासारख्या दुर्बळ जमाती स्पर्धेतून बाहेर फेकल्या जातील, ही त्यांची भीती आहे. बोगस जमात प्रमाणपत्रांवर मिळवलेल्या नोकऱ्यांचा महाराष्ट्रातील दीर्घ इतिहास पाहता ही भीती केवळ कल्पनेतून आलेली नाही.

दोन तालुक्यांचा सामाजिक भूगोल

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत पाण्याने केलेली विभागणी राजकारणात थेट उतरलेली दिसते. 1885 मध्ये सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याने बागायती पट्टा निर्माण केला, त्यावर माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचा छत्रपती हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, आणि कारखाना, जिल्हा बँक, दूध संघ व बाजार समिती यांच्या जाळ्यातून नेतृत्वाची एक स्थिर उतरंड तयार झाली. कालव्याच्या वर राहिलेला सुपे-मोरगावकडचा जिरायती भाग आणि इंदापुरातील टेलची गावे या व्यवस्थेच्या कडेला राहिली. धनगर वस्ती बागायतीतही असली, तरी तिचा मोठा भाग या कडेच्या पट्ट्यात आहे. पावसाळा सरल्यावर मेंढरांचा वाडा घेऊन महिनोन्‌महिने बाहेर राहणारी कुटुंबे याच भागातून निघतात, आणि चराईसाठी वनखात्याशी, पिकांच्या नुकसानीवरून शेतकऱ्यांशी होणारे तंटे त्यांच्याच वाट्याला येतात.

या रचनेत धनगर समाज राजकारणाबाहेर कधीच नव्हता. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि कारखान्यांची संचालक मंडळे यांत त्याला जागा मिळत गेल्या. मात्र या जागा वरून दिल्या जात, म्हणजे कोणत्या गटाला किती वाटा द्यायचा याचा तोल नेतृत्व राखत असे आणि तो तोल मान्य करणाऱ्यांना पुढे येता येत असे. समाजातील शिकलेल्या पिढीला ही व्यवस्था अपुरी वाटू लागली, कारण जागा मिळाल्याने कार्यकर्त्याची सोय झाली, तरी वाड्याबरोबर फिरणाऱ्या मुलांच्या शाळेचा, चराईच्या हक्काचा किंवा नोकरीचा प्रश्न तिने सुटत नव्हता. आरक्षणाची मागणी या टप्प्यावर अर्जाची भाषा सोडून हक्काची भाषा बोलू लागली.

पद्धत आणि तिची आधीची यशे

पवारांच्या राजकीय पद्धतीचा गाभा थोडक्यात असा सांगता येतो: परस्परविरोधी दाव्यांपैकी कोणालाही उघड नकार न देता प्रत्येकाशी स्वतंत्र बोलणी चालू ठेवायची, तापलेला प्रश्न थंड होण्यास वेळ द्यायचा आणि शेवटी दोघांनाही काहीतरी मिळेल असा मधला तोडगा काढायचा. या पद्धतीला केवळ चलाखी म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण तिने महाराष्ट्रातील काही अत्यंत स्फोटक प्रश्न खरोखर सोडवले आहेत. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव जुलै 1978 मध्ये त्यांच्याच पहिल्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात विधिमंडळात संमत झाला; त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर भीषण हल्ले झाले आणि निर्णयाची अंमलबजावणी थांबली. जानेवारी 1994 मध्ये पुन्हा मुख्यमंत्री असताना त्यांनी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार केला, म्हणजे जुने नाव पूर्ण न काढता नवे नाव पुढे जोडले, आणि नांदेडला वेगळे विद्यापीठ स्थापन होऊन प्रादेशिक भावनेलाही जागा मिळाली. सोळा वर्षांचा विलंब हा दलित समाजासाठी वेदनादायी होता, पण तोडगा टिकला.

1994 मध्येच राज्यातील भटक्या विमुक्तांच्या आरक्षणाची अ, ब, क, ड अशी फोड होऊन धनगरांचा साडेतीन टक्क्यांचा स्वतंत्र वाटा निश्चित झाला. हाही त्याच पद्धतीचा नमुना होता: आदिवासींच्या सात टक्क्यांना हात न लावता धनगरांसाठी नवा खण तयार करण्यात आला. पुढील दोन दशके या निर्णयाने प्रश्न शमवून ठेवला, आणि पवारांच्या राष्ट्रवादी काँग्रेसच्या नेत्यांनी धनगरांसाठी काय केले याचा हिशेब देताना तोच दाखला दिला जात राहिला.

या दोन्ही यशांत एक समान गोष्ट होती. विद्यापीठाचे नाव आणि राज्याचे प्रवर्ग, दोन्ही राज्य सरकारच्या अधिकारातले होते आणि दोन्ही विभागता येण्यासारखे होते. नाव लांबवता येते, विद्यापीठ दोन करता येते, टक्केवारीत नवा हिस्सा पाडता येतो. पाण्याच्या प्रश्नातही हेच दिसते: 2021 मध्ये उजनी धरणातून इंदापूरला पाच टीएमसी सांडपाणी देण्याचा आदेश सोलापूरच्या विरोधानंतर रद्द झाला, पण पुढच्याच वर्षी लाकडी-निंबोडी उपसा सिंचन योजनेच्या रूपाने इंदापूर व बारामतीच्या कोरड्या गावांसाठी उजनीच्याच पाण्याचा वेगळा मार्ग मंजूर झाला. अनुसूचित जमातींची यादी मात्र अशी विभागता येत नाही. एखादा समाज तिच्यात असतो किंवा नसतो, आणि ती बदलण्याची अंतिम सत्ता मुंबईत नाही.

2014: पद्धत उघडी पडते

जून 2014 च्या अखेरीस पृथ्वीराज चव्हाण यांच्या मंत्रिमंडळाने मराठा समाजाला 16 टक्के आणि मुस्लिम समाजातील मागास घटकांना 5 टक्के आरक्षण देण्याचा निर्णय घेतला आणि जुलैमध्ये अध्यादेश काढले. निवडणुकीच्या तोंडावर घेतलेल्या या निर्णयाच्या बहुतांश भागाला उच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये स्थगिती दिली, परंतु त्याचा तात्काळ परिणाम वेगळाच झाला: इच्छाशक्ती असेल तर सरकार काही आठवड्यांत आरक्षण देऊ शकते, असा संदेश गेला आणि ज्यांना वर्षानुवर्षे कायदेशीर अडचणी ऐकवल्या जात होत्या, त्या धनगर समाजाला ही उघड दुजाभावाची वागणूक वाटली. पदयात्रा आणि बारामतीचे उपोषण त्यानंतर लगेच आले.

राष्ट्रवादी काँग्रेसची कोंडी पक्षाच्या आतच होती. आदिवासी विकास मंत्री मधुकर पिचड हे अकोले तालुक्यातील महादेव कोळी नेते, पक्षाचे माजी प्रदेशाध्यक्ष आणि धनगरांच्या समावेशाचे सर्वांत कडवे विरोधक होते; दुसरीकडे बारामती, इंदापूर, माढा, सांगोला या पट्ट्यात पक्षाची मते धनगरांवर अवलंबून होती. आदिवासींच्या वाट्याला धक्का न लावता धनगरांना न्याय द्यावा, हे सूत्र सर्वच पक्षांचे नेते बोलत होते, परंतु अनुसूचित जमातीच्या दर्जाची मागणी या सूत्रात बसत नव्हती, कारण दर्जा मिळणे म्हणजेच त्या वाट्यात भागीदार होणे. एकाला अकोल्यात आणि दुसऱ्याला बारामतीत वेगळे आश्वासन देणे वृत्तवाहिन्यांच्या काळात शक्य राहिले नव्हते.

वेळही प्रतिकूल होती. 1999 पासून राज्यात आणि 2004 पासून केंद्रात काँग्रेस व राष्ट्रवादीची आघाडी सत्तेवर होती, म्हणजे शिफारस आणि विधेयक या दोन्ही पायऱ्या दहा वर्षे एकाच गटाच्या हाती होत्या आणि आदिवासी विकास खाते त्यातील बराच काळ राष्ट्रवादीकडे होते. या काळात समाजशास्त्रीय पाहणी करून प्रश्नाचा पुरावा मांडता आला असता, किंवा समावेश शक्य नाही असे सांगून राज्याच्या प्रवर्गातच निधी, वसतिगृहे, चराईचे हक्क यांचा भक्कम पर्याय देता आला असता. यांपैकी काहीच झाले नाही. आणि मे 2014 मध्ये केंद्रातील सत्ता गेल्यानंतर आंदोलन जेव्हा दारात आले, तेव्हा देण्यासारखे काही हातात उरले नव्हते. विलंब हे ज्या पद्धतीचे साधन होते, त्याच विलंबाने येथे तिचे भांडवल संपवले.

स्पष्ट शब्दाचे अपयश

रिकामी झालेली जागा भाजपचे तत्कालीन प्रदेशाध्यक्ष देवेंद्र फडणवीस यांनी भरली. जुलै 2014 च्या अखेरीस बारामतीतील उपोषणस्थळी जाऊन, सत्ता आल्यास पहिल्याच मंत्रिमंडळ बैठकीत हा निर्णय घेण्याचे आश्वासन त्यांनी दिले. पवारांच्या संदिग्धतेसमोर हा शब्द अत्यंत ठळक होता आणि त्याचा राजकीय लाभ झाला. पण त्यामागे कायदेशीर तयारी नव्हती. ऑक्टोबर 2014 मध्ये फडणवीस मुख्यमंत्री झाले, केंद्रातही त्यांच्याच पक्षाचे पूर्ण बहुमत होते, तरीही शिफारस गेली नाही. त्याऐवजी टाटा समाजविज्ञान संस्थेकडे अभ्यास सोपवण्यात आला, त्याचा अहवाल 2018 मध्ये आला, आणि 2019 च्या निवडणुकीआधी आदिवासींच्या योजनांच्या धर्तीवर धनगरांसाठी एक हजार कोटींच्या योजना जाहीर झाल्या. याचा अर्थ असा की, भाजपदेखील पाच वर्षांनी 1994 च्याच प्रकारच्या तोडग्यावर आला: दर्जा नाही, पण समांतर लाभ.

राजस्थानातील गुर्जर आंदोलनाशी याची तुलना बोधप्रद आहे. तेथेही 2003 च्या निवडणुकीपूर्वी जमातीच्या दर्जाचे आश्वासन देण्यात आले, मीणा समाजाने कडाडून विरोध केला, 2007 मध्ये गोळीबारात माणसे मेली, न्यायमूर्ती जसराज चोप्रा समितीने समावेशाच्या बाजूने कौल दिला नाही, आणि अखेर 2019 मध्ये गुर्जरांना राज्याच्या पातळीवर अतिमागास म्हणून पाच टक्के आरक्षणावर समाधान मानावे लागले. दोन समाजांतील स्पर्धेचा प्रश्न एका शब्दाने सुटत नाही आणि मौनानेही सुटत नाही, हे दोन्ही राज्यांनी आपापल्या मार्गाने अनुभवले.

मतपेटीचा कौल आणि त्याचा अर्थ

या हाताळणीला अपयश म्हणावे का, असा आक्षेप निवडणुकीच्या आकड्यांवरून घेता येतो आणि तो गंभीरपणे तपासला पाहिजे. 2009 मध्ये माढा मतदारसंघात स्वतः पवारांविरुद्ध उभे राहिलेल्या राष्ट्रीय समाज पक्षाच्या महादेव जानकर या धनगर नेत्याला सुमारे एक लाख मते मिळाली होती. त्याच जानकरांनी 2014 मध्ये बारामतीत राष्ट्रवादीच्या सुप्रिया सुळे यांचे मताधिक्य, जे 2009 मध्ये सव्वातीन लाखांहून अधिक होते, सुमारे सत्तर हजारांवर आणले. परंतु ही निवडणूक एप्रिलमध्ये, म्हणजे उपोषणापूर्वी झाली होती आणि तिच्यात देशव्यापी लाटेचाही भाग होता. 2019 मध्ये सुळे यांचे मताधिक्य पुन्हा दीड लाखांवर गेले, आणि त्याच वर्षी विधानसभेला भाजपने बारामतीत धनगर नेते गोपीचंद पडळकर यांना अजित पवारांविरुद्ध उतरवले असता त्यांची अनामत रक्कम जप्त झाली.

इंदापूरचा दाखला आणखी गुंतागुंतीचा आहे. बारामतीत उपोषण झाले त्याच वर्षी, ऑक्टोबर 2014 मध्ये, इंदापुरात राष्ट्रवादीचे धनगर उमेदवार दत्तात्रय भरणे यांनी दीर्घकाळ मंत्री राहिलेल्या काँग्रेसच्या हर्षवर्धन पाटलांचा पराभव केला. 2019 मध्ये पाटील भाजपकडून आणि राष्ट्रवादी फुटल्यानंतर 2024 मध्ये शरद पवारांच्या पक्षाकडून लढले, पण दोन्ही वेळा भरणेच, दुसऱ्यांदा अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडून, निवडून आले. म्हणजे ज्या भागातून पवारांच्या भूमिकेवर सर्वांत मोठा रोष व्यक्त झाला, त्याच भागाने त्यांच्या पक्षाच्या चिन्हावर धनगर आमदार पाठवला. यातून दिसते ते असे की, प्रतिनिधित्व देण्याचे कौशल्य शाबूत होते. मतदाराने आपल्या समाजाचा आमदार आणि आरक्षणाचा प्रश्न या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. 2024 मध्ये माढ्याची जागा जानकरांसाठी सोडण्याची तयारी पवारांनी दाखवली, तीही याच तर्काने. त्यामुळे अपयश पराभवात मोजता येत नाही. ते मोजावे लागते ते प्रश्नाच्या स्थितीवरून, आणि ती 1994 नंतर तसूभरही पुढे सरकलेली नाही.

तीच कोंडी, नवे पात्र

सप्टेंबर 2024 मध्ये पंढरपुरात पुन्हा उपोषण झाले, आणि धनगर व धांगड एकच असल्याचा शासन निर्णय काढण्याच्या हालचाली सुरू झाल्या. 4 ऑक्टोबर 2024 रोजी विधानसभेचे उपाध्यक्ष आणि अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे आमदार नरहरी झिरवाळ यांनी इतर आदिवासी आमदारांसह मंत्रालयातील संरक्षक जाळीवर उडी घेऊन निषेध केला. डिसेंबरमध्ये स्थापन झालेल्या मंत्रिमंडळात त्याच पक्षाकडून झिरवाळ आणि भरणे दोघेही मंत्री झाले. दहा वर्षांपूर्वी पिचड आणि बारामतीचे आंदोलक यांच्यात सापडलेला पक्ष फुटला, नेतृत्व बदलले, आघाड्या उलटसुलट झाल्या, पण दोन्ही समाजांना एकाच मंत्रिमंडळात सामावून घेण्याची आणि त्यांच्यातील वाद अनिर्णित ठेवण्याची रीत कायम राहिली.

समारोप

पवारांची हाताळणी फसली ती अनास्थेमुळे, असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही. साडेतीन टक्क्यांचा वाटा त्यांच्याच काळात निश्चित झाला होता. ती फसली कारण वाटप करता येणाऱ्या प्रश्नांसाठी घडलेली पद्धत त्यांनी ‘असणे’ वा ‘नसणे’ एवढेच पर्याय असलेल्या प्रश्नाला लावली, आणि नकार देण्याची राजकीय किंमत टाळताना पर्यायी हक्कांची उभारणी करण्याची संधीही दवडली. भाजपने होकाराची किंमत न चुकवता होकार दिला आणि तो दुसऱ्या टोकाने त्याच जागी पोहोचला. धनगर समाजाच्या हाती यातून एक कायदेशीर वास्तव उरते: यादीचा मार्ग संसदेतून आणि महानिबंधकांच्या सहमतीतून जातो, तो शासन निर्णयातून जात नाही. तो मार्ग खुला आहे की बंद, हे पुराव्यानिशी जाहीर करणे, आणि बंद असल्यास मेंढपाळांच्या चराईला, मुलांच्या शिक्षणाला व राजकीय प्रतिनिधित्वाला राज्याच्या अधिकारात हक्काचे स्वरूप देणे, एवढे काम कोणत्याही सरकारला आजही करता येण्यासारखे आहे. त्यासाठी एका समाजासमोर नाही म्हणण्याची आणि दुसऱ्यासमोर खर्चाची बांधिलकी स्वीकारण्याची तयारी मात्र लागेल.